आधी वनस्पती, मग मासे

‘डॉक्टर, घरात माशांची टाकी ठेवली की ब्लडप्रेशर उतरते म्हणतात. खरे का हो?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांत निवृत्त मास्तर असतात, दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार असतात आणि मुलांच्या हट्टाला वैद्यकीय आधार शोधणारे आईवडीलही असतात. त्यांतलेच काही जण पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा भेटतात, तेव्हा प्रश्न बदललेला असतो. ‘टाकी आणली, पण मासे एकेक करून मेले. पाणीच वाईट आहे, की आमच्या घराला मासे लाभत नाहीत?’

पाणी बहुधा वाईट नसते आणि लाभण्या-न लाभण्याचा येथे संबंध नाही. चूक क्रमाची असते. बहुतेक घरांत सकाळी टाकी येते, दुपारी पाणी भरले जाते आणि संध्याकाळी मासे सोडले जातात. मासे हे या कामातले शेवटचे पाऊल आहे. त्याआधी वनस्पती लावायच्या आणि महिनाभर धीर धरायचा. एवढे केले तर मासे जगतात आणि टाकीसमोर बसून मनाला जो विसावा मिळायचा तो मिळतो. रोज एक मेलेला मासा जाळीने काढणाऱ्या घरात कोणाचेच ब्लडप्रेशर उतरत नाही!

पाहण्याने काय होते?

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉ. ॲरन कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या विषयावरील काम प्रसिद्ध केले. माशांच्या टाकीकडे शांतपणे पाहत बसलेल्या माणसांचा रक्तदाब उतरल्याचे त्यांना आढळले. ज्यांचा रक्तदाब मुळातच जास्त होता, त्यांच्यात हा उतार अधिक होता. पुढच्याच वर्षी त्यांनी तोंडाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांना आधी काही वेळ टाकीसमोर बसवले. ते रुग्ण अधिक शांत राहिले.

२०१५ साली इंग्लंडमधील प्लिमथच्या मोठ्या मत्स्यालयातून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील एक टाकी नव्याने भरली जात होती. तीत मासे नव्हते तेव्हाही पाहणाऱ्यांना स्वस्थता मिळत होती. मासे वाढत गेले तसे लोक अधिक वेळ थांबू लागले, नाडीचा वेग अधिक उतरला आणि मनही अधिक प्रसन्न झाले.

याचा अर्थ टाकी हे औषध आहे असा नव्हे. २०१९ साली अशा सर्व अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. पुष्कळ अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, असे त्यातून दिसले. तेव्हा टाकीत मासे सोडले म्हणून रक्तदाबाची गोळी सोडायची नाही! रोज पंधरा मिनिटे टी.व्ही. आणि मोबाइल बंद ठेवून एका जिवंत गोष्टीकडे पाहणे, तिची निगा राखणे, एवढी चांगली सवय मात्र टाकीमुळे लागू शकते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि अभ्यासाच्या ताणाखालच्या मुलांना ती मी आवर्जून सुचवतो.

मासे का मरतात?

आपल्या शरीरात मूत्रपिंडे रक्तातली घाण गाळून बाहेर टाकतात. ती निकामी झाली तर माणूस उत्तम जेवला तरी आतल्या आत विषाने खंगत जातो. नव्या टाकीची स्थिती नेमकी अशी असते. तिला ‘मूत्रपिंडे’ नसतात.

मासे आपल्या कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. उरलेले खाणे कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो पुष्कळ पाण्यात विरतो. चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीत तो साठतो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. पाणी जितके गरम आणि जितके क्षारधर्मी, तितका तो अधिक जहाल होतो. आपल्याकडचा उन्हाळा आणि बोअरचे जड पाणी लक्षात घेतले म्हणजे आपल्या टाक्यांना धोका अधिक का, हे कळेल. यात फसवणारी गोष्ट अशी की अमोनियाचे पाणी दिसायला स्वच्छ, नितळच असते.

ही घाण पचवणारे जिवाणू निसर्गात असतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास ते वेगळे काढून दाखवले. एका गटाचे जिवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवतात. दुसऱ्या गटाचे त्या नायट्राइटपासून नायट्रेट बनवतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते. वाळू, दगड, पाने आणि फिल्टरचा स्पंज यांच्यावर हे जिवाणू चिकटून राहतात. पण त्यांची वाढ सावकाश होते. पुरेशी वसाहत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. घाईने सोडलेले मासे नेमके याच काळात मरतात.

मधल्या टप्प्यावरचे नायट्राइटही घातक असते. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवते. रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. हाच प्रकार माणसाच्या बाळातही घडतो. अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली दाखवून दिले, की नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन तान्ही मुले निळी पडत होती. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि बाळाचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरते. म्हणूनच भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ज्या घरात तान्हे बाळ आहे आणि पिण्याचे पाणी शेताजवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे आहे, त्यांनी टाकी असो वा नसो, पाण्याची तपासणी अवश्य करून घ्यावी. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही.

वनस्पतींचे काम

येथे वनस्पती आपल्या मदतीला येतात. अमोनिया हे त्यांचे खत आहे. जिवाणू वसायच्या आधीपासून त्या तो शोषू लागतात. शिवाय दिवसा प्राणवायू सोडतात आणि शेवाळाला लागणारे अन्न आधीच खाऊन टाकतात. जिवाणू हे टाकीचे एक मूत्रपिंड मानले, तर वनस्पती हे दुसरे.

ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत काम करणारे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली आपला एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा ती खाण्यासाठी गोगलगायी सोडल्या आणि मेळ जमला. घरोघरच्या काचेच्या टाक्यांची सुरुवात त्या काळातली आहे. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तेथेच पाहिला.

टाकी, जागा आणि वीज

पहिली टाकी फार लहान घेऊ नये. काचेच्या गोल भांड्यात मासा ठेवणे तर टाळावेच. त्यात पाणी थोडे आणि हवेशी संबंध येणारा पृष्ठभागही थोडा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी सुरुवातीला उत्तम. तिच्यात वाळू आणि दगड धरून सुमारे ४५ लिटर पाणी मावते. काच, वाळू, पाणी सगळे मिळून वजन ७० किलोच्या घरात जाते. म्हणजे एक मोठा माणूस कायमचा त्या टेबलावर बसणार आहे! डुगडुगणारे स्टूल, टी.व्ही.चे कपाट किंवा भिंतीतली फळी यासाठी चालणार नाही. लहान मुले धरून ओढतील असे काही जवळ नको. टेबल समपातळीत आहे ना, ते गवंड्याच्या पाणसळीने पाहावे आणि टाकीखाली थर्मोकोलचा तक्ता घालावा.

जागा खिडकीच्या उन्हात नको. थेट उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. दिव्यासाठी दहा ते पंधरा वॉटचा पांढरा एल.ई.डी. पुरे. तो दिवसातून सहा ते आठ तासच लावावा.

विजेबाबत हयगय नको. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढायचे, नुसते बटण बंद करून भागत नाही. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली लोंबता झोळ ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात येते. आणि घरात गळतीचा प्रवाह तोडणारा स्वयंचलित स्विच नसेल तर या निमित्ताने इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. तो टाकीपेक्षा माणसांसाठी अधिक महत्त्वाचा आहे.

माती, वाळू आणि पाणी

तळाशी एक इंच साधी बागेतली माती आणि तिच्यावर दीड इंच नदीची जाडसर वाळू, हा पहिल्या टाकीसाठी स्वस्त आणि खात्रीचा थर. माती चाळून घ्यावी. तीत शेणखत, निंबोळी पेंड, रासायनिक खत किंवा औषध मिसळलेले नसावे. आपली काळी चिकण माती टाळावी, ती पाण्यात तरंगत राहते आणि टाकी गढूळ होते. वाळू बादलीत घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. धुतलेल्या वाळूवर आणि दगडांवर लिंबाचा रस पिळून पाहावा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो पाणी आणखी जड करील. समुद्राचे शंखशिंपले याच कारणाने नकोत.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवते, पण माशांना आणि त्या उपयोगी जिवाणूंना मारते. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. काही ठिकाणी पाणी क्लोरामाइनने शुद्ध करतात, ते असे उडत नाही. अशा वेळी दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात वापरावे.

वनस्पती निवडताना

दुकानात ‘पाण्यातली झाडे’ म्हणून विकल्या जाणाऱ्यांत काही झाडे मुळात कुंडीतली असतात. ड्रेसिना हे त्याचे नेहमीचे उदाहरण. रंगीत, कडक पाने पाहून आपण ती आणतो. पाण्याखाली ती महिनाभर तग धरतात आणि मग कुजून टाकी नासवतात. खऱ्या पाणवनस्पतीची पाने सहसा मऊ असतात आणि पाण्याबाहेर काढली की लोळागोळा होतात.

नवशिक्यांसाठीच्या कितीतरी चांगल्या वनस्पती आपल्याच देशातल्या आहेत. व्हॅलिस्नेरियाची लांब फितीसारखी पाने मागच्या बाजूस शोभतात, आणि तिला जड पाणीही चालते. हायड्रिला आणि सेराटोफायलम या तर आपल्या तळ्या-ओढ्यांतल्याच. झपाट्याने वाढतात आणि अमोनिया तितक्याच झपाट्याने शोषतात. हायग्रोफिला ही आपल्या तालिमखान्याच्या कुळातली, फांदी खोचली तरी जगते. क्रिप्टोकोरायनच्या काही जाती कोकण आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत उगवतात, त्यांना कमी उजेड पुरतो. आयुर्वेदातली नीरब्राह्मी पाण्याखाली छान वाढते हे पुष्कळांना माहीत नसते. तिच्या जाडसर गोल पानांच्या काड्या मधल्या भागात सुरेख दिसतात. मात्र टाकीतली ब्राह्मी औषध म्हणून पोटात घेऊ नये!

रोपे दुकानातून किंवा ओळखीच्या माणसाच्या टाकीतून आणावीत. कास पठारासारख्या ठिकाणाहून काहीही उपटून आणू नये. तेथला वायतुरा हीही एक पाणवनस्पतीच आहे आणि तिचा वाटा जगात फार थोड्या जागेपुरता आहे. ती तेथेच फुलू द्यावी.

आणलेली रोपे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून मग साध्या पाण्यात धुवावीत. कुजकी पाने आणि पिचलेली मुळे कात्रीने कापावीत.

मांडणी

मांडणीचे शास्त्र सोपे आहे. वाळू मागे उंच आणि पुढे उतरती ठेवावी. त्यामुळे टाकी खोल भासते आणि घाण पुढे जमून काढायला सोपी जाते. एक मोठा आणि दोन लहान काळे दगड घ्यावेत. मोठा दगड टाकीच्या बरोबर मध्यभागी न ठेवता एका बाजूच्या तिसऱ्या भागावर ठेवावा. दगड वाळूवर नुसते न ठेवता किंचित रोवावेत, म्हणजे ते घसरून काचेवर आपटणार नाहीत. लाकूड ठेवायचे तर ते उकळून, पाण्यात मुरवून, तपकिरी रंग बराचसा निघून गेल्यावरच.

मागे उंच, मधे मध्यम, पुढे बुटकी रोपे. एकेक काडी विखरून लावू नये, एका जातीचा एक झुबका करावा. पुढच्या बाजूला थोडी वाळू मोकळी सोडावी. अंगणात तुळशीभोवती जशी मोकळी जागा डोळ्यांना बरी वाटते, तशीच येथे. जपानचे ताकाशी अमानो यांनी पाण्याखाली डोंगर-रानांची आठवण देणाऱ्या टाक्या मांडून जगाला वेड लावले. २०१५ साली ते वारले. त्यांच्या टाक्यांची छायाचित्रे पाहिली तर रिकाम्या जागेचे मोल कळते. पण त्यांच्यासारखी कार्बन डायऑक्साइडची नळी आणि प्रखर दिवे पहिल्या टाकीला नकोत.

लावताना आधी टाकीत चार बोटे पाणी भरावे. चिमट्याने रोप तिरके खोचावे. ज्यांची पाने एका गड्ड्यातून निघतात त्यांचा गड्डा वाळूच्या वर राहिला पाहिजे, पुरला तर कुजतो. पहिल्याच दिवशी तळाचा निम्म्याहून जास्त भाग रोपांनी भरला जावा. येथे काटकसर केली तर उरलेली जागा शेवाळ घेते. मग वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतावे, म्हणजे माती उसळत नाही.

बिनमाशांचा महिना आणि डास

आता फिल्टर सुरू करून चार ते सहा आठवडे थांबायचे. साधा स्पंजचा फिल्टर पुरतो. एक दिवसाआड चिमूटभर माशांचे खाणे टाकावे. ते कुजून जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर फारच उत्तम, ते जिवाणूंचे विरजणच! पहिल्या दोन आठवड्यांत पाणी थोडे दुधाळ होईल, काही जुनी पाने गळतील. घाबरून सगळे पाणी बदलू नये. गळलेली पाने काढून टाकावीत.

एक गोष्ट मात्र या महिन्यात डोळ्यांत तेल घालून सांभाळावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाणीत वाढत नाही. त्याला घरातले साठलेले स्वच्छ पाणीच हवे असते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मासे नसलेली टाकी आणि क्लोरीन उडावे म्हणून उघडी ठेवलेली बादली या त्याच्यासाठी आयत्या जागा आहेत. टाकीवर झाकण किंवा बारीक जाळी असावी. फिल्टरने पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवावा. बादलीवर सुती फडके घट्ट बांधावे आणि आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळणीने काढून कोरड्या मातीवर टाकाव्यात. हौस घरात यावी, ताप येऊ नये.

आता मासे

महिन्याभराने नवी पाने फुटू लागली, की अमोनिया आणि नायट्राइट तपासणारे थेंबांचे किट आणून पाणी तपासावे. दोन्ही शून्य आले तर टाकी तयार झाली. तरीही एकदम दहा मासे सोडू नयेत. पहिल्या आठवड्यात तीन, दोन आठवड्यांनी आणखी तीन. या आकाराच्या टाकीत आठ-दहा लहान मासे ही मर्यादा समजावी.

झेब्रा डॅनिओ हा पहिला मासा म्हणून मला सर्वांत योग्य वाटतो. तो गंगेच्या खोऱ्यातला, काटक आणि सदैव उत्साही. थव्यात राहणारा असल्यामुळे पाच-सहा तरी हवेत. बंगालमध्ये काम केलेले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या वैद्यकीय प्रयोगशाळांत तो पाळला जातो. हृदयाचा तुकडा काढला तरी तो पुन्हा वाढवतो, हे २००२ साली सिद्ध झाले, आणि माणसाच्या हृदयविकारावर त्यातून काही शिकता येईल का यावर शास्त्रज्ञ काम करीत आहेत. गप्पी, प्लॅटी हेही सोपे. गप्पी डासांच्या अळ्या आवडीने खातो, हे आरोग्य खात्यामुळे आपल्याला ठाऊकच आहे.

गोल्डफिश मोठा होतो, घाण फार करतो आणि रोपे उपटतो. काच साफ करील म्हणून दिला जाणारा सकर मासा वाढून फूटभराचा होतो. हे दोन्ही या टाकीत नकोत. आणि कंटाळा आला म्हणून कोणताही मासा किंवा वनस्पती नदीत, ओढ्यात सोडू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले, ते आपण डोळ्यांनी पाहतो. सकर मासाही आता आपल्या नद्या-तलावांत सापडू लागला आहे.

रोजची निगा

खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. आठवड्यातून एक दिवस माशांनाही उपवास घडवावा. आपल्या घरातल्या माशांना उपासमारीपेक्षा लाडच अधिक भोवतात. दर आठवड्याला सुमारे एक चतुर्थांश पाणी काढून तितकेच क्लोरीनविरहित पाणी भरावे. संपूर्ण टाकी रिकामी करून, वाळू धुऊन ‘चकाचक’ करणे म्हणजे तिची मूत्रपिंडे काढून टाकण्यासारखे आहे. स्पंजही नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. हे पाणी फुलझाडांच्या कुंड्यांना उत्तम, पण कच्ची खायची कोथिंबीर, पुदिना यांना घालू नये.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी तापते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले तर दिव्याचे तास कमी करावेत, टाकीवर पंख्याचा वारा सोडावा आणि पंप चालू ठेवावा. वीज तासन् तास गेली तरी भरपूर रोपे आणि मोजके मासे असलेली टाकी सहसा निभावून नेते. अशा वेळी खाणे मात्र टाकू नये.

मासा आजारी दिसला की टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिने उपयोगी जिवाणूंचे नुकसान होते आणि औषधाला न जुमानणारे जंतू घरातच तयार होण्याची सोय होते. आधी पाणी तपासावे. बहुतेक वेळा दुखणे पाण्यातच सापडते.

हातांची काळजी

टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू असू शकतो. हा क्षयाच्या जंतूचा नातेवाईक. हातावर जखम किंवा ओरखडा असताना टाकीत हात घातला तर तो त्वचेत शिरतो. काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी, जांभळट गाठ येते. ती मलमाने बरी होत नाही आणि कधी हातावर ओळीने आणखी गाठी येतात. योग्य औषधे काही महिने घेतली की हा आजार बरा होतो. पण निदानाला उशीर होतो, कारण रुग्ण टाकीचा उल्लेख करीत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. अशी गाठ आली तर ‘माझ्याकडे माशांची टाकी आहे’ हे वाक्य आपण होऊन सांगावे.

बचाव सोपा आहे. जखम असेल तर रबरी हातमोजे घालावेत. काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत. सायफनची नळी तोंडाने ओढू नये, ती पाण्याने भरून एक टोक बोटाने दाबून वापरावी. टाकीचे सामान स्वयंपाकघराच्या मोरीत धुवू नये. पाच वर्षांखालच्या मुलांनी पाहावे, पाण्यात हात घालू नये. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, उदाहरणार्थ कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण, त्यांनी टाकी पाहण्याचा आनंद घ्यावा, सफाई दुसऱ्याकडे द्यावी. दमेकऱ्यांना कुत्र्या-मांजराच्या केसांपेक्षा मासे सोयीचे. मात्र सुक्या अळ्यांचे लाल खाणे आणि त्याची भुकटी काहींना शिंका आणि धाप आणते. त्यांनी गोळीचे खाणे वापरावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) दोन फुटांची टाकी, भक्कम टेबल, थेट ऊन नको.
२) पहिल्या दिवशी भरपूर वनस्पती, मासे एकही नाही.
३) चार ते सहा आठवडे वाट पाहा. टाकी आणि बादली डासांपासून झाका.
४) अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्यावर तीन-तीन करून मासे सोडा.
५) आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, पूर्ण टाकी कधीच धुऊ नका.
६) हात घालण्यापूर्वी प्लग काढा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

या सहा गोष्टींत सर्वांत अवघड तिसरी आहे. घरातली मुले ‘मासे कधी आणायचे?’ म्हणून रोज विचारतील. त्यांना एक वही द्या. आज कोणत्या रोपाला नवे पान आले, पाणी कसे दिसते, कोणते पान गळले, हे तीत लिहू द्या. प्लिमथच्या त्या अभ्यासात मासे नसलेल्या पाण्याकडे पाहूनही माणसे निवांत झाली होती. त्या वहीच्या निमित्ताने रोज पंधरा मिनिटे टाकीसमोर बसणारे घर पहिला मासा येण्यापूर्वीच फायद्यात असते.